परतीपुरती बॅटरी

६ ऑक्टोबर

ही वही गाडीची आहे, माझी नाही. एकदा चार्ज केल्यावर गाडी किती चालली, गारठ्यात किती घट आली, कुठला चार्जर चालू आणि कुठला नुसता शोभेला उभा, एवढंच इथे लिहायचं असं ठरवून घेतली होती. आणि पहिल्याच पानावर भलतंच लिहायला बसले आहे.

आज ताईंचा फोन आला. ताई म्हणजे माझी थोरली नणंद. नानांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, आता कायमचं त्यांच्याकडे न्यायचं ठरलं आहे. ठरवलं कोणी, तर ताईंनीच. भाऊ गेल्यावर त्याच्या बायकोवर, म्हणजे माझ्यावर, किती दिवस भार टाकायचा, माझंही वय काही फार नाही, मलाही माझं आयुष्य आहे, आणि सख्खी लेक असताना बापाने सुनेकडे राहणं बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. यातलं एकही वाक्य चुकीचं आहे असं मला म्हणता येत नाही. नवरा जाऊन तीन वर्षं होत आली. नाना आणि मी एकमेकांचे कोण, असा फॉर्मवरचा प्रश्न कुणी विचारला तर मला थोडा वेळ लागतो.

मी म्हणाले, "बरं." फोन नानांकडे दिला. तेही म्हणाले, "बरं." इतक्या पटकन म्हणाले, म्हणजे लेकीची ओढ असणारच, आणि का नसावी. मग आम्ही जेवून घेतलं. सूप खारट झालं होतं, पण दोघांनीही ते संपवलं.

पोचवण्याचं काम माझ्याकडे. मी फर्निचरच्या गोदामात कुठला ट्रक कुठल्या वाटेने जाईल ते ठरवते, तेव्हा हे ओघानेच आलं. ट्रेनने जायला नाना तयार नाहीत. त्यांचं भिंतीवरचं घड्याळ, जे साखळीला टांगलेल्या एका वजनावर चालतं, ते उभंच न्यायचं आणि दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायचं नाही. नाना घड्याळजी. दुकान बंद केलं, पण खिडकीपाशी टेबल मांडून अजून चार लोकांची घड्याळं उघडतात. तर गाडीने जायचं. गाडी विजेवरची, गल्लीतल्या दंतवैद्याने वापरून दिलेली. आजवर ती शहराबाहेर गेलेली नाही.

९ ऑक्टोबर

आराखडा पहिला. अडचण गाडीच्या तोंडाची आहे. माझ्या गाडीला चार्जिंगचं जे तोंड आहे ते जुन्या पद्धतीचं. हायवेवरचे नवे फास्ट चार्जर सगळे दुसऱ्या पद्धतीचे. जुन्या पद्धतीचा प्लग असलेली यंत्रं वाटेत मोजून तीन, त्यातल्या दोघांबद्दल लोकांनी ॲपवर जे लिहिलंय ते वाचवत नाही. म्हणजे मध्ये अडॅप्टर हवा. तो केबलच्या टोकाला लावायचा आणि मग गाडीला.

अडॅप्टरशिवाय म्हणजे साध्या भिंतीतल्या प्लगवर गेलो तर काय होईल, तेही बघून ठेवलं. दिवसभर चार्ज आणि थोडं चालवा, असं करत ताईंकडे पोचायला आठवडा लागेल. हे नानांना सांगितलं, तर म्हणतात, "मग जाऊ की आठवड्याने. घाई कोणाला आहे?"

मी म्हटलं, नाना, कामाचं बोला.

नानांना दर दीड तासाने थांबावं लागतं. गाडीला त्याहून जरा उशिरा. दोघांचं जमवून थांबे बसवले. गोदामात आमचा एक नियम आहे तो इथेही ठेवला: कुठल्याही थांब्यावर पोचताना मागे फिरण्यापुरती बॅटरी उरलीच पाहिजे. पुढचं यंत्र बंद निघालं तर रस्त्यात हात चोळत उभं राहायची पाळी येऊ नये. यामुळे थांबे वाढतात. वाढू देत.

१४ ऑक्टोबर

अडॅप्टर आला. मला वाटलं होतं चहाच्या कपाएवढा असेल. निघाला चांगला विटेएवढा जड. नानांनी भिंग लावून त्याचं तोंड, पाठ, पोट सगळं बघितलं. गंमत म्हणजे ह्याच्या पोटात स्वतःची छोटी बॅटरी आहे. म्हणजे गाडीला चार्ज करायला आणलेल्या वस्तूलाही आधी चार्ज करायचं. नाना म्हणाले, "ही तर कंपाउंडरलाच सलाइन लावण्याची गत झाली."

बोलता बोलता मी म्हटलं, गाडी देताना दंतवैद्य केबलची पिशवी द्यायला विसरला होता, मला परत जावं लागलं. त्याने बसवून घेतलं, कॉफी पाजली, बायको माहेरी गेल्यापासून घरात कसं चैन पडत नाही ते सगळं सांगितलं.

"विसरला कशाने," नाना म्हणाले. "मुद्दाम ठेवली असणार. मीही ठेवायचो."

दुकानात म्हणे एक संगीताचे मास्तर यायचे. एकटा जीव. घड्याळ दुरुस्त झालं की नाना घड्याळ द्यायचे आणि पट्टा खालच्या खणात ठेवून घ्यायचे. मास्तर दुसऱ्या दिवशी पट्टा न्यायला आले की म्हणायचे, अरे, चुकून राहिला वाटतं, बसा. मग तासभर गप्पा.

"ही शुद्ध फसवणूक झाली," मी म्हटलं.

"फसवणूक कसली? पट्टा त्यांचाच होता. परतच दिला ना."

"आणि ते गुपचूप घेऊन जायचे?"

"त्यांना काय कळत नव्हतं होय?" असं म्हणून नाना परत भिंगात डोळा घालून बसले.

१९ ऑक्टोबर

सुपरमार्केटच्या आवारात नवा फास्ट चार्जर आहे, तिथे नानांना घेऊन तालीम केली. क्रम असा: अडॅप्टर आधी केबलला, मग गाडीला, मग त्याचं बटण खट् आवाज येईपर्यंत दाबून धरायचं, मग यंत्रावर सुरू करायचं. मी सगळं क्रमाने केलं आणि यंत्राने चूक दाखवली. परत केलं, परत चूक. मागे एक बाई आपल्या गाडीत बसून माझ्याकडे बघत होत्या, त्यामुळे हात आणखी चुकत होते. शेवटी लक्षात आलं की अडॅप्टरची स्वतःची बॅटरीच रिकामी आहे. अर्धा तास फोनच्या चार्जरवर लावून बसलो.

नानांनी तो मांडीवर घेतला होता. म्हणाले, "उपाशी होता बिचारा. कोणी विचारलंच नाही त्याला."

नंतर चालला. गाडीचा पंखा घुमायला लागला, आकडा भराभर चढला. नाना गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे होते, घड्याळाला कान लावतात तसे. घरी येताना आम्ही उगाचच लांबच्या रस्त्याने आलो. विजेची नोंद करायची राहिली.

२७ ऑक्टोबर

गोदामात माल चढवणाऱ्यांवर देखरेख करतो त्याला सगळे मुकादम म्हणतात. त्याने माझा आराखडा बघितला आणि म्हणाला, "बाई, सगळं ठीक, पण तुमचा सगळा खेळ ह्या एका डबड्यावर आहे. सुटी वस्तू ती. हरवली, पडली, बिघडली, की बसा रस्त्यावर."

त्याचं खरं होतं. मी ट्रकसोबत एक जास्तीचं चाक पाठवते आणि स्वतः मात्र एका डबड्यावर निघाले होते. घरी येऊन दुसरा अडॅप्टर मागवला. आला तसा डिकीच्या तळाशी, चटईखालच्या खळग्यात ठेवून दिला. नानांना सांगितलं नाही. एकाच कामाला दोन वस्तू आणल्या की ते आठवडाभर ऐकवतात. दोन कात्र्यांवरून अजून बोलतात.

निघायचं पुढच्या आठवड्यात.

५ नोव्हेंबर

निघालो नाही. गारठा एकदम वाढला. थंडीत बॅटरी आखडते आणि गाडीतला हीटरही तीच खाते, तेव्हा सगळे थांबे पुन्हा जवळ आणावे लागले. आराखडा चौथा. एका थांब्याच्या यंत्राचं काम चालू आहे असं ॲपवर दिसलं, त्यासाठी पर्यायी वाट काढली. मग त्या पर्यायी वाटेलाही पर्याय काढला. ताई फोनवर म्हणाल्या, "अगं, आमच्याकडे यायचंय की चंद्रावर?" त्यांना काय कळणार. बॅटरी संपली की पेट्रोलच्या डब्याने भागत नाही.

शिवाय नानांचंही काम अडकलंय. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याचं टेबलावरचं घड्याळ त्यांच्याकडे आहे. औषधवाला दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा नाना म्हणाले, अजून मनासारखं नाही, चार दिवस राहू दे. मी आज कामावर जाताना आणि आल्यावर ते फोनशी ताडून बघितलं. अगदी बरोबर चाललंय. दिसत असेल त्यांना काहीतरी, किंवा मग हात आणि डोळा पूर्वीसारखा राहिला नसावा. ह्या वयात होतंच. ताईंकडे निदान घरात दिवसभर कोणीतरी असेल.

१५ नोव्हेंबर

उद्या निघायचं. ह्यावेळी ताईंनीच तारीख दिली आणि मी मान्य केली, कारण आराखड्यात बदलण्यासारखं काही उरलं नाही. बरंच शोधून पाहिलं.

औषधवाल्याला घड्याळ दिलं. नानांनी टेबल आवरलं, चिमटे, भिंग, तेलाच्या बाटल्या, सगळं डब्यांत, आणि टेबलाचे पाय सोडवून तेही गाडीत. भिंतीवरच्या घड्याळाचं वजन काढून फडक्यात गुंडाळलं. शिशाचं आहे, विटेसारखं. घड्याळाच्या जागी भिंतीवर फिक्या रंगाचा लांबट चौकोन राहिला. रंगारी बोलवायला हवा.

संध्याकाळी नाना खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "दाखव तुझा नकाशा." इतके दिवस आराखडा म्हटलं की जांभई द्यायचे. मला बरं वाटलं. सगळे थांबे दाखवले. ते म्हणाले, "आणि येतानाचा?" येतानाचा सोपा आहे, मी एकटीच, थांबे कमी. ते पान त्यांनी जास्त वेळ बघितलं.

"पहिला थांबा ताईच्या घरापासून किती लांब?"

मी सांगितलं.

"आणि तिथलं यंत्र बंद असलं, किंवा काही नसलं जवळ, तर अडकशील?"

"नाही. मागे फिरून ताईंकडे येण्यापुरती बॅटरी उरलेली असणार. तो नियमच आहे माझा."

"नक्की?"

"थंडी धरून हिशोब केलाय."

"चांगला नियम आहे," नाना म्हणाले. नानांच्या तोंडून चांगलं ऐकायला मिळणं म्हणजे मोठीच गोष्ट. ते दोन घोट पाणी प्यायले आणि झोपायला गेले.

१६ नोव्हेंबर, संध्याकाळी, मुक्कामाच्या लॉजवर

पहिला टप्पा ठरल्याप्रमाणे. घड्याळ मागच्या सीटवर उभं, पट्ट्याने बांधलेलं, तिसऱ्या माणसासारखं. पहिला थांबा उत्तम. दुसऱ्या थांब्यावर एक यंत्र बंद, दुसऱ्यावर एक सामानाची व्हॅन लावलेली आणि तिचा मालक बेपत्ता. तो येईपर्यंत बराच वेळ गेला. मी ॲपवर पुढचे पर्याय बघत होते. नाना म्हणाले, "ठेव तो फोन. बघ, ऊन पडलंय."

मग आम्ही गाडीच्या बाहेर उभं राहून ब्रेड आणि उकडलेली अंडी खाल्ली. नाना म्हणाले, "तो असता तर एव्हाना त्या व्हॅनवाल्याला शोधून त्याच्याशी मैत्री करून बसला असता." तो म्हणजे माझा नवरा. बऱ्याच दिवसांत नानांनी त्याचा विषय असा सहज काढला नव्हता. मी म्हटलं, "आणि त्याच्या घरी जेवायचं आमंत्रण घेऊन आला असता." दोघंही हसलो. मग व्हॅनवाला आला आणि आम्ही दोघांनी त्याच्याकडे असं काही बघितलं की तो गांगरला.

थांब्यावर अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागला, पण आराखड्यात तेवढी सवड होती. लॉजच्या मागच्या भिंतीला प्लग आहे, गाडी तिथे लावली. नाना विचारत होते, ताईंकडची खोली कुठल्या दिशेला आहे, खिडकीतून सकाळी उजेड येतो का. मला माहीत नव्हतं. रस्त्याबद्दल काहीही विचारा म्हटलं.

१७ नोव्हेंबर

पोचलो. अडॅप्टर चारही वेळा चालला. एकूण विजेची नोंद नंतर करेन.

ताईंनी खोली फार छान लावली आहे. पलंग नवा, गालिचा मऊ, बाथरूममध्ये धरायला दांडे. तळमजला. ताई खरंच मनापासून करतात, त्यांच्याबद्दल वाकडं बोलायला जागा नाही. नानांचं टेबल खिडकीपाशी बसत नाही, कारण तिथे हीटर आहे, म्हणून ते तात्पुरतं गॅरेजमध्ये ठेवलं. घड्याळ भिंतीवर लावलं. ते चालू झाल्यावर ताई म्हणाल्या, "नाना, ह्याची टिकटिक रात्री फार होते हो. मला जराशा आवाजाने जाग येते, तुम्हाला माहीत आहे. दिसायला राहू दे भिंतीवर, चालू नको."

नाना म्हणाले, "बरं." आणि वजन काढून घेतलं.

जेवताना ताई माझ्या मागे लागल्या, आता तू मोकळी झालीस, जरा फिर, एखादा कोर्स कर, माणसं भेट. मी मान हलवत होते. मोकळ्या वेळात काय करायचं ह्याचा विचार करायचा प्रयत्न केला. गाडी धुवायची आहे. भिंतीला रंग.

१८ नोव्हेंबर

परतीच्या पहिल्या थांब्यावर गाडीत बसून लिहितेय.

सकाळी निघताना नाना दारापर्यंत आले नाहीत. आधीच गाडीपाशी उभे होते, माझी पाण्याची बाटली पुढे ठेवत, पिशव्या नीट लावत. मी वाकून नमस्कार केला तर म्हणाले, "सावकाश जा. नियम पाळ." ताईंनी डबा दिला. निघाले. रस्ता मोकळा होता, गाडी हलकी चालत होती, सामान नसल्यामुळे. रेडिओ लावला आणि बंद केला.

इथे पोचले तेव्हा बॅटरी अर्ध्याच्या जरा वर, हिशोबाप्रमाणे. दोन्ही यंत्रं चालू, कोणी रांगेत नाही. याहून चांगला थांबा सापडणार नाही. केबल काढली, अडॅप्टरची पिशवी उघडली. पिशवीचं वजन बरोबर होतं. आत नानांचं पिवळं फडकं होतं आणि फडक्यात घड्याळाचं शिशाचं वजन.

पिशवी हलकी लागू नये म्हणून ठेवलेलं. चेन लावलेली, आतली दोरीही पहिल्यासारखी बांधलेली. काम नानांचंच.

फोन केला. ताईंनी नानांना दिला.

"नाना, अडॅप्टर पिशवीत नाही."

"हो का?" नाना म्हणाले. "इथेच राहिला वाटतं. चुकून." थोडं थांबून म्हणाले, "आता कसं करशील? दुसरा आहे का तुझ्याकडे?"

डिकी माझ्या समोर होती. चटई, खळगा, त्यात नवाकोरा, खोक्यासकट, आणि चार्ज केलेला सुद्धा, कारण मी तशी आहे. अर्ध्या तासात गाडी भरली असती आणि संध्याकाळी मी घरी असते.

"नाही," मी म्हटलं. "एकच होता."

"मग?"

"येते घ्यायला. परतीपुरती बॅटरी आहे."

"ते मला माहीत आहे," नाना म्हणाले.

फोन ठेवला आणि मी गाडीत येऊन बसले आणि रडले. लिहायला हरकत नाही, ही वही कोण वाचतंय. मला नानांना तिथे सोडायचं नव्हतं. पहिल्या दिवसापासून नव्हतं. एवढं कळायला मला चार आराखडे आणि दोन अडॅप्टर लागले. औषधवाल्याचं घड्याळ ठणठणीत चालत होतं, आणि मी म्हाताऱ्याच्या हाताला दोष देत बसले होते. मीही धन्यच आहे.

आता निघते. हीटर बंद ठेवते, म्हणजे बॅटरी अगदी काठावर यायला नको.

१९ नोव्हेंबर

काल त्यानंतर लिहायला झालं नाही, आज लॉजवर लिहितेय. शेजारच्या पलंगावर नाना वर्तमानपत्र वाचताहेत.

काल पोचले तेव्हा नाना पलंगाच्या कडेला कोट घालून बसले होते. मांडीवर अडॅप्टर. मी आत गेले तसा त्यांनी तो पुढे केला. "हे घे. चुकून राहिलं."

मी त्यांच्या हातात वजन दिलं. "हे घ्या. हेही चुकूनच आलं असेल."

"असेल," नाना म्हणाले.

ताई दारात उभ्या होत्या. मी म्हटलं, "नाना, घरी चला."

"अगं, असं काय?" ताई म्हणाल्या. "आपलं ठरलंय ना?"

"ठरलं म्हणजे तुम्ही बोललात, मी बरं म्हणाले, नाना बरं म्हणाले. कोणी कोणाला विचारलं?"

"मी तुझ्याच भल्यासाठी—"

"माहीत आहे, ताई. पण मला त्यांचा भार होत नाही. मी कामावरून आल्यावर कुलूप उघडते तेव्हा आत कोणीतरी खोकत असतं, ते मला हवं असतं. मला मोकळं व्हायचं नाही."

माझा आवाज चढला होता. एरवी मी असं बोलत नाही. नाना वजनाकडे बघत म्हणाले, "तू बरं म्हणालीस, तेव्हा मला वाटलं, सुटली बिचारी. तीन वर्षं केलं, आता किती करणार."

"आणि तुम्ही बरं म्हणालात, तेव्हा मला वाटलं, लेकीची ओढ आहे."

"ओढ आहेच," नाना म्हणाले. "पण माझं टेबल तिकडे आहे." टेबल खरं तर ताईंच्या गॅरेजमध्ये होतं, पण मला कळलं.

ताई रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. नव्या पलंगावर नानांच्या शेजारी बसल्या, चादरीची सुरकुती हाताने सरळ केली आणि म्हणाल्या, "आणि मी?"

त्या घरात दिवसभर कोणीतरी असतं असं मी इतके दिवस म्हणत होते. ते कोणीतरी म्हणजे ताई, एकट्या. त्यांची मुलं दूर, नवरा जाऊन माझ्याहून जास्त वर्षं झालेली. सख्खी लेक असताना बरं दिसत नाही, हे त्यांचं वाक्य मी ऐकलं होतं, पण त्या बरं दिसण्याबद्दल बोलत नव्हत्या. नानांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. रात्रीचं जेवण झालं, गाडी ताईंच्या प्लगला लावली, आणि आज सकाळी टेबल आणि डबे परत गाडीत चढवले. ताईंनी डबा दिला, ह्यावेळी दोघांचा. गाडी वळली तरी त्या फाटकापाशी उभ्या होत्या.

आज त्याच थांब्यावर थांबलो. मी यंत्रावर कार्ड लावत होते, नानांना म्हटलं, जरा अडॅप्टर आणा. मागे वळून बघते तर नाना डिकीपाशी, चटई उचललेली, हातात खोक्यातला नवा. जुना पुढच्या सीटवर होता. त्यांना मी नीट सांगायला हवं होतं.

"हा कधीचा?"

"पहिल्यापासूनचा."

"काल होता?"

"होता."

नाना खोकं उलटसुलट करून बघत राहिले. दोन कात्र्यांवरून बोलतात तसं बोलतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "म्हणजे तुझं काही अडलं नव्हतं."

"अडलं होतं," मी म्हटलं.

त्यांनी खोकं परत खळग्यात ठेवलं, चटई वर ओढली, जुना अडॅप्टर आणून स्वतः केबलला लावला, गाडीला लावला, बटण खट् होईपर्यंत दाबलं. मग गाडीत बसून नाक शिंकरलं आणि थंडीला नावं ठेवली.

आकडा चढत होता तेवढ्यात ताईंचा फोन. स्पीकरवर घेतला.

"नाना, घड्याळ राहिलं की इथे भिंतीवर."

मी मागे वळून बघितलं. मागच्या सीटवर टेबलाचे पाय होते, डबे होते. घड्याळ नव्हतं. ते आपल्याबरोबर आहे असं मी धरूनच चालले होते. नानांच्या कोटाच्या खिशाला मात्र ओझं होतं, खिसा एका बाजूला ओघळला होता. ते माझ्याकडे न बघता समोरच्या यंत्राकडे बघत होते.

"राहिलं का?" नाना म्हणाले. "चुकून राहिलं असेल."

पलीकडे ताईंनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. दुकानाच्या खालच्या खणातले पट्टे त्यांनी लहानपणी पाहिलेले असणार. कदाचित आवरायचंही त्यांच्याकडेच असेल.

"वजनही नाही त्याला," ताई शेवटी म्हणाल्या. "खणात ठेवू, की भिंतीवरच असू दे?"

"भिंतीवर असू दे," नाना म्हणाले. "येऊ आम्ही घ्यायला."

"चालू केलंत तरी चालेल मग. दोन-तीन रात्री काय, मी कापूस घालेन कानात."

मी फोनपाशी वाकून सांगितलं की थंडी ओसरली की निघू, आराखडा तयारच आहे. ताई म्हणाल्या, तो तुझा आराखडा राहू दे, नुसती तारीख सांग.